फुकटचे प्लगइन: आधी चकाकी की आधी साफसफाई?

नाशिकच्या सिडकोतल्या टू बीएचकेची मागची खोली, एक लॅपटॉप, दोन चॅनेलचा इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. एवढ्या भांडवलावर गाणं तयार करणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. २०२७चा सिंहस्थ जवळ आलाय, तेव्हा गोदामाईची गाणी, रामाची भजनं, पथकांचे ढोल असं बरंच काही अशाच खोल्यांमधून बाहेर पडणार. प्लगइनसाठी, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडून आवाज घडवणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, वेगळा खर्च करायची ऐपत सुरुवातीला फारशी कुणाची नसते, आणि क्रॅक, म्हणजे चोरीची आवृत्ती, टाकून लॅपटॉपची वाट लावण्यात काही शहाणपण नाही. मग फुकटात मिळतं त्यातलं काय घ्यायचं?

या फुकटच्या दुनियेत मला दोन घराणी दिसतात. एक चकाकीवालं: फ्रेश एअर, ओटीटी, सॅच्युरेशन नॉब, ओझोन इमेजर. एखादा नॉब फिरवला की आवाज लगेच उजळतो, रुंद होतो, अंगावर येतो. दुसरं घराणं राबणाऱ्यांचं: टीडीआर नोव्हा, कोटेलनिकोव्ह, स्पॅन (आवाजाचा आलेख दाखवणारा), लाउडमॅक्स. उघडलं की समोर आकडे आणि रेषा, आणि पहिल्या पाच मिनिटांत 'वा' म्हणावं असं काहीच घडत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरच्या रेकॉर्डिंगला आधी दुसरं घराणं लागतं, कारण तिथे काही कमी पडलेलं असतं त्यापेक्षा नको ते जास्त आलेलं असतं.

पण तुलना करायची तर आधी काटा सरळ हवा. चकाकीवाला प्लगइन लावला की आवाज थोडा मोठाही होतो, आणि मोठा आवाज कानाला हमखास चांगला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज बारीक असताना खर्ज आणि अगदी वरचे तीक्ष्ण स्वर कानाला कमी ऐकू येतात. आवाज चढवला की दोन्ही टोकं भरल्यासारखी वाटतात. म्हणजे फेडर (आवाजाची सरकपट्टी) नुसता दोन डेसिबल वर नेला तरी 'काय उठाव आलाय' असं वाटणार! म्हणून युलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, ठेवा, शॉर्ट टर्मचा, म्हणजे शेवटच्या काही सेकंदांचा, आकडा बघा, आणि प्लगइननंतर आवाज कमी-जास्त करणारा साधा गेन लावून आवाज मूळ पातळीवर आणा. मग डोळे मिटून बायपास, म्हणजे प्लगइन चालू-बंद करायचं बटण, दाबत राहा. निम्मी जादू इथेच उतरते.

गळा: फ्रेश एअर की नोव्हा

स्लेट डिजिटलच्या फ्रेश एअरवर दोन मोठे नॉब आहेत, मिड एअर आणि हाय एअर. वरच्या पट्ट्यातलं जे दबलेलं असतं ते तो उचलून धरतो. ही कल्पना काही आजची नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत अॅफेक्स कंपनीने ऑरल एक्सायटर नावाचं यंत्र काढलं, तेव्हा ते भाड्याने देत आणि तयार गाण्याच्या मिनिटामागे ३० डॉलर घेत. त्याच जातीचं काम आज फुकट मिळतंय, हे नाकारण्यात अर्थ नाही. चांगल्या खोलीत, चांगल्या माइकवर घेतलेला गळा असेल तर हाय एअर थोडासा फिरवल्यावर खरंच झकास वाटतं.

आपल्याकडे अडचण दोन गोष्टींची. एक पंखा. त्याची हवा वरच्या पट्ट्यात पसरलेली असते, त्यामुळे गळ्यासोबत तीही उजळून निघते. दुसरी आपली भाषा. 'संतांच्या चरणाशी' एवढे दोनच शब्द घ्या: स, च्या, च, शी, चार ठिकाणी तोंडातून हवा सुटते. स्वस्त कंडेन्सर माइक मुळातच वरच्या बाजूला थोडा झुकलेला असतो. त्यावर फ्रेश एअर चढवला की हेडफोनमध्ये ही अक्षरं सुईसारखी टोचतात.

टोकियो डॉन लॅब्जचा नोव्हा हा डायनॅमिक इक्वलायझर आहे. चार बँड (स्वरांचे पट्टे), शिवाय दोन्ही टोकांना फिल्टर. साध्या इक्वलायझरने साडेसहा हजार हर्ट्झला कात्री लावली तर सगळा गळाच मंद होतो. नोव्हाच्या बँडला मात्र थ्रेशोल्ड, म्हणजे आवाजाची मर्यादा, देता येतो, म्हणजे 'शी' आला की तो बँड तीन-चार डेसिबल खाली बसतो आणि 'आ' लागताच परत वर येतो. दुसरा बँड २५० ते ४०० हर्ट्झमध्ये कुठेतरी ठेवा. भिंतीजवळ गायल्याने येणारा डब्यासारखा आवाज बहुधा तिथेच सापडतो. खालचा फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास. एवढं झाल्यावर वरच्या शेल्फला, म्हणजे वरच्या सगळ्या पट्ट्याला, दीड-दोन डेसिबल दिले की पुष्कळदा फ्रेश एअरची आठवणही येत नाही.

रोज एक रील टाकणाऱ्या आणि दहा मिनिटांत मोकळं व्हायचं असलेल्या माणसाला मी फ्रेश एअरच सांगेन. भजनाचा अल्बम करणाऱ्याने नोव्हा शिकावा, आणि वाटलंच तर फ्रेश एअर त्याच्या नंतर, अगदी चिमूटभर.

पंख्याचं काय करायचं? गाताना बंद करायचा, हे खरं उत्तर. एप्रिल-मेमध्ये ते जमलं नसेल तर विंडोजवाल्यांसाठी कॉकोसच्या मोफत रीप्लग्ज संचातला रीएफआयआर आहे, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडे तो असतोच. त्यात सबट्रॅक्ट मोड निवडा, गाणं सुरू होण्याआधीची नुसत्या पंख्याची एक-दोन सेकंदं वाजवून त्याला प्रोफाइल बनवू द्या, आणि गळा यायच्या आत प्रोफाइल बनवायच्या पर्यायावरची खूण काढून टाका. ती काढायची राहिली तर तो गळ्यालाच कचरा समजून झाडायला लागतो. जास्त ताणलं तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, तेव्हा थोडा पंखा राहिला तर राहू द्या. तानपुरा सुरू झाला की तो कुणाला ऐकू येतो?

ढोल-ताशा: ओटीटी की कोटेलनिकोव्ह

इथे माझं मत जरा कडक आहे. एक्सफर रेकॉर्ड्सचा ओटीटी आवाजाचे तीन पट्टे करतो. प्रत्येकात मोठं असेल ते दाबतो आणि बारीक असेल ते वर खेचतो. इलेक्ट्रॉनिक सिंथवर तो बहार आणतो. पण मैदानात सरावाच्या वेळी घेतलेल्या ढोलांवर लावून बघा: शिट्ट्या, गप्पा, मागून गेलेल्या रिक्षाचा हॉर्न, सगळं ढोलाच्या शेजारी येऊन उभं राहतं. डेप्थ, म्हणजे परिणामाचं प्रमाण, मुळात शंभर टक्क्यांवर असते. वापरायचाच असेल तर ती १०-१५ वर आणा.

नाशिक ढोलाच्या मिक्सची खरी गोची वेगळीच असते. टिपरू (ढोलाची काठी) पानावर पडलं की खालचा धक्का इतका मोठा येतो की साधा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) त्यावरच दचकतो आणि त्याच क्षणी चालू असलेली ताशाची तर्रीही खाली ओढतो. ऐकताना ताशा श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. कोटेलनिकोव्हमध्ये यावर नेमका इलाज आहे. लो फ्रिक्वेन्सी रिलॅक्सने खालच्या पट्ट्याकडे कॉम्प्रेसरला जरा काणाडोळा करायला लावता येतं. शिवाय क्षणिक ठोक्यांसाठी आणि एकूण आवाजासाठी रिलीजचे, म्हणजे दाब सुटायच्या वेळेचे, वेगळे नॉब आहेत. रेशो दोनास एक, दाब दोन-तीन डेसिबलच्या वर नको. डेल्टा बटण दाबलं की फक्त काय कापलं जातंय तेवढं ऐकू येतं. त्यात ताशाच्या काड्या स्पष्ट ऐकू आल्या तर समजा, जास्त झालं. हे एक बटण शिकवतं तेवढं तासभराचा व्हिडिओ शिकवत नाही.

फोनवर ढोल ऐकू येण्यासाठी

चकाकी घराण्यातला एक प्लगइन मात्र मी निःसंकोच सुचवतो, सॉफ्टट्यूबचा सॅच्युरेशन नॉब. तुमचं गाणं लोक फोनवर ऐकणार, आणि फोनच्या इवल्या स्पीकरमधून ८० हर्ट्झ बाहेरच पडत नाही. इक्वलायझरने तिथे कितीही भर घाला, फोन गप्पच. सॅच्युरेशनमुळे त्या ८०चे पटीतले स्वर तयार होतात, १६०, २४०, ३२०. त्यातले वरचे फोन वाजवू शकतो, आणि खालचा मूळ स्वर नसला तरी मेंदू तो जुळवून घेतो. नॉबला तीन अवस्था आहेत. त्यातली एक वरचा पट्टा फारसा न बिघडवता काम करते. ढोलाच्या ट्रॅकवर ती ठेवली की ताशा किरकिरत नाही. क्लांगहेल्मचा आयव्हीजीआयही मोफत आहे आणि त्यात पर्याय जास्त आहेत, पण या कामाला नॉब पुरतो.

रुंदीसाठीचा आयझोटोपचा ओझोन इमेजर मी मास्टरवर सहसा लावत नाही. ब्लूटूथ स्पीकर, देवळावरचे भोंगे, मांडवातली साउंड सिस्टिम, यातलं बरंचसं मोनो असतं. डावं-उजवं एकत्र आलं की ओढूनताणून रुंद केलेली बासरी विरघळून जाते. कोरसवर थोडा लावा, पण मोनोचं बटण दाबून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. रिव्हर्बमध्ये, म्हणजे घुमारा देणाऱ्या प्लगइनमध्ये, वल्हाला सुपरमॅसिव्हचं नाव फार होतं. तो अफाट, अंतराळी गुंजनासाठी छान. अभंगाला देवळाच्या सभामंडपाएवढी जागा हवी असेल तर ओरिलरिव्हर बरा.

शेवटचा हात: लाउडमॅक्स की लिमिटर नंबर सिक्स

लाउडमॅक्स या लिमिटरला, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणाऱ्या प्लगइनला, मुख्य दोनच पट्ट्या आहेत, थ्रेशोल्ड आणि आउटपुट. भजन, भावगीत, कीर्तनाचं रेकॉर्डिंग यासाठी दुसरं काही शोधू नका. आउटपुट उणे १ डेसिबलवर ठेवा आणि आयएसपी डिटेक्शन (मीटरला न दिसणारी टोकं पकडणारी सोय) चालू करा. व्लाद-जीच्या लिमिटर नंबर सिक्समध्ये कॉम्प्रेसर, क्लिपर असे एकूण पाच टप्पे आहेत, आणि नवख्याला तिथे हरवायला होतं. पण ढोलासाठी तोच सरस, कारण टिपरूचं टोक आधी क्लिपरने छाटलं की लिमिटरला सगळं गाणं दाबावं लागत नाही.

किती मोठं करायचं, यावर ओढाताण असते. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ लफ्सवर (लफ्स हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं. यूट्यूब जास्त मोठं असेल तर खाली आणतं, बारीक असेल तर वर नेत नाही. म्हणजे उणे ८पर्यंत रेटलेलं गाणं तिथे बारीक करूनच वाजणार, फक्त चपटं होऊन. मिरवणुकीतल्या सिस्टिमला पेन ड्राइव्ह लागणार असेल तर मात्र हा नियम तिथे नाही, सबब त्यासाठी वेगळा, मोठा मास्टर काढावा.

पैशाचं म्हणाल, तर नोव्हाच्या विकतच्या आवृत्तीत चाराऐवजी सहा बँड मिळतात. फॅबफिल्टरच्या प्रो-क्यूमध्ये चोवीस मिळतात आणि हात भराभर चालतो. महिन्याला गिऱ्हाइकांची कामं असतील तर तो वेग विकत घेण्यासारखा आहे. नसतील तर तेच पैसे भिंतीवर, जाड पडद्यांवर आणि माइकमागे टांगायच्या गोधड्यांवर घाला.

उतरवताना प्लगइन बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या. काही कंपन्या आधी खातं उघडायला लावतात, त्याला इलाज नाही. ३२ बिटचे जुने फुकट प्लगइन टाळा. मॅकने २०१९च्या कॅटालिनापासून तसे प्रोग्राम चालवणंच बंद केलंय. आणि फुकटचा प्लगइन उद्या बंद पडला तर तक्रार करायला कुणी नसतं, तेव्हा मिक्स झाला की प्रत्येक ट्रॅक प्लगइनसकट वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा.