वही, गूगल की वेगळी तिजोरी: पासवर्ड ठेवायचे कुठे?

पासवर्ड वहीत लिहिणाऱ्यांना हसणाऱ्यांत मीही होते. बाबांची जुनी डायरी हा आमच्या घरातला कायमचा विनोद. नेटबँकिंगचा पासवर्ड पाच वेळा खोडून पुन्हा लिहिलेला, त्यातला चालू कोणता हे त्यांनाही सांगता यायचं नाही. एकदा तर शून्य की इंग्रजी ओ या घोळात खातंच लॉक झालं. मागच्या वर्षी घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड नीट लावायला बसले आणि त्या डायरीबद्दलचं माझं मत बरंच बदललं.

कारण पासवर्ड चोरीला जातात ते बहुतेकदा कपाटातून नव्हे. 2009 साली रॉकयू नावाच्या कंपनीकडून 3 कोटी 20 लाख पासवर्ड फुटले, तेही जसेच्या तसे साठवलेले. अशा याद्या हातात आल्या की चोरांचं सॉफ्टवेअर तोच ईमेल आणि तोच पासवर्ड दुसऱ्या शेकडो साइटवर लावून बघतं. म्हणजे खरा धोका एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्याचा. (आपला ईमेल अशा कुठल्या यादीत आहे का, ते सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर फुकट बघता येतं. 2013 पासून ती चालू आहे. माझा ईमेल तिथे सापडला.)

प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवा हे एकदा मान्य केलं की डोक्यात ठेवणं संपतं. मग जागा निवडताना मी दोन प्रश्न विचारते: तो कोणाला दिसता कामा नये, आणि आपण दवाखान्यात असलो तर कोणाला सापडलाच पाहिजे? सल्ले देणारे पहिल्यावर थांबतात. घर चालवणाऱ्याला दुसराही तितकाच महत्त्वाचा.

वही

दूर कुठेतरी बसलेला चोर आपल्या गोदरेजच्या कपाटापर्यंत पोचत नाही. वही चार्ज करावी लागत नाही, अपडेट मागत नाही, आणि घरच्यांना ती कुठे आहे हे माहीत असतं. दुसऱ्या प्रश्नाला याहून सोपं उत्तर नाही. ज्यांच्या घरी भाडेकरू, कामाला येणारी माणसं, पाहुणे यांचा राबता आहे, किंवा ज्यांचं घरातल्याच कोणाशी पटत नाही, त्यांच्यासाठी मात्र वही बाद. ‘अर्धा वहीत, अर्धा डोक्यात’ ही युक्ती अनेकजण करतात. चोराला ती अडवते, पण वेळेला बायकोमुलांनाही अडवते.

वहीचा मोठा दोष वेगळाच आहे. ‘वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडणार’ असा मेसेज येतो, लिंक उघडते, पान हुबेहूब दिसतं. घाबरलेला माणूस वही उघडतो आणि खरा पासवर्ड खोट्या पानावर टाइप करतो. वही काही बोलत नाही. शिवाय हाताने टाइप करायचा म्हणून माणूस पासवर्ड छोटाच ठेवतो.

गूगल किंवा आयफोनमधलं

‘पासवर्ड सेव्ह करू का?’ असं फोन विचारतो, ते हे. इथे खोट्या पानाचा प्रश्न बराच सुटतो. पासवर्ड ज्या पत्त्यासाठी साठवला, त्याच पत्त्यावर तो आपोआप भरला जातो. पान कितीही सारखं दिसो, पत्ता वेगळा असेल तर रकाना रिकामा राहतो. नेहमी भरणारा रकाना आज रिकामा का, इतकं थबकण्याची सवय लागली तरी पुष्कळ. लांबलचक पासवर्ड फोन स्वतःच तयार करतो आणि जुना कुठे फुटला असेल तर कळवतो. पैसे पडत नाहीत.

पण या सगळ्याला कुलूप कुठलं? फोनचं. आणि आमच्याकडे आईच्या फोनचा चार आकडी पिन भाच्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना पाठ. तोच पिन टाकला की साठवलेले सगळे पासवर्ड उघडे. लोकलच्या गर्दीत मागे उभा राहून कोणी पिन बघितला आणि मग फोन मारला, तरी तेच. यावर ॲपलने जानेवारी 2024 मध्ये आयओएस 17.3 बरोबर ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ ही सोय दिली: ती चालू केली की ओळखीच्या जागेबाहेर साठवलेले पासवर्ड बघायला चेहरा किंवा बोटच लागतं, पिन चालत नाही. आयफोन असेल तर आजच चालू करा. अँड्रॉइडवाल्यांनी निदान पिन सहा आकडी करावा आणि तो घरभर वाटू नये.

दुसरी मेख अशी की सगळं एकाच खात्याला बांधलेलं असतं. ते खातं उघडेना, तर सगळंच अडलं. फोन हाताशी नसतानाही खात्यात शिरता यावं म्हणून गूगल दहा बॅकअप कोड देतं. ते छापून कुठे ठेवायचे? डायरीत. हसू नका.

वेगळा पासवर्ड मॅनेजर

म्हणजे फक्त पासवर्ड ठेवणारं स्वतंत्र ॲप, एक मुख्य पासवर्ड टाकला की उघडणारी तिजोरीच. आयफोन, विंडोजचा लॅपटॉप, अँड्रॉइड टॅब असा मिश्र संसार असेल तर हे सोयीचं. बिटवॉर्डन या अशा ॲपची फुकट आवृत्ती हव्या तितक्या उपकरणांवर चालते. आत काय आहे ते कंपनीलाही वाचता येत नाही, आणि म्हणूनच मुख्य पासवर्ड विसरलात तर कंपनी तो परत देऊ शकत नाही. पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत, ठरवलेल्या माणसाला ठरावीक मुदत थांबून आत शिरता येतं. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचा विचार इथे कोणीतरी केला आहे.

भीती लास्टपास या अशाच दुसऱ्या ॲपच्या 2022 मधल्या प्रकरणाची असते, आणि ती खोटी नाही. तिथून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, आणि आतल्या साइटचे पत्ते तर कुलपाबाहेरच होते. मुख्य पासवर्ड कच्चा असेल तर अशी तिजोरी चोर निवांत बसून फोडत बसू शकतो. म्हणून इथे सगळी मदार त्या एका पासवर्डवर. अभंगाची किंवा गाण्याची ओळ घेऊ नका, ती सगळ्यांना पाठ असते. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द शब्दकोशातून डोळे मिटून काढा. रोमन अक्षरांत ‘पाऊस’ला ए एक की दोन, हे मात्र आधी ठरवा. मी त्यावर एकदा अर्धा तास घालवला आहे.

कीपास हा 2003 पासूनचा तिसराच प्रकार: तिजोरी म्हणजे आपल्याच संगणकावरची एक फाइल. कंपनी नाही, खातं नाही. बॅकअपही नाही, तो तुम्ही घ्यायचा. ज्यांना खरोखर ही सवय आहे त्यांनीच जावं.

पासवर्डऐवजी चालणारा, पासकी नावाचा नवा प्रकारही दिसू लागला आहे. बोट टेकवलं की झालं, टाइप करायला काहीच नसल्यामुळे खोट्या पानाला देण्यासारखंही काही नसतं. गूगलने मे 2023 मध्ये ती आपल्या खात्यांना दिली. जिथे मिळते तिथे घ्या, पण सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे वरची निवड टळत नाही.

एटीएमचा आणि यूपीआयचा पिन यांपैकी कुठेच ठेवू नका. ग्राहकाच्या हलगर्जीमुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्याच माथी, असं रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 च्या परिपत्रकात म्हटलं होतं.

आमच्या घरी शेवटी असं ठरलं. बाबांना नवी डायरी, रुळाच्या पानांची, दर खात्याला एक पान, आणि लिंकवरून कुठेही शिरायचं नाही हा नियम. आईचे पासवर्ड गूगलमध्ये, पिन बदलून. तिची कुरकुर आठवडाभर चालली. माझे बिटवॉर्डनमध्ये. ईमेलला मात्र तिघांच्याही दुहेरी कुलूप (पासवर्डनंतर आणखी एक खूण, उदाहरणार्थ कोड) लावलं, सगळ्यात आधी, कारण ‘पासवर्ड विसरलात?’ची प्रत्येक वाट तिथेच जाते. माझा मुख्य पासवर्ड एका पाकिटात आहे, तोंडावर माझी आडवी सही, आणि ते पाकीट बाबांच्या डायरीच्या शेवटच्या पानाला स्टेपल केलंय.