नळवाला काळा माठ: अकोल्याच्या उन्हाळ्यात वापरून सांगते

सरळ सांगते, ५ पैकी साडेचार स्टार, आणि जो अर्धा कापला तो नळासाठी, माठासाठी नाही. रस्त्याच्या कडेला कुंभार मावशी बसतात त्यांच्याकडून साधारण १५ लिटरचा काळा माठ घेतला, स्टीलचा नळ लावलेला, साडेतीनशे रुपये. घरात फ्रीज आहे, आरओ आहे, तरी घेतला, कारण आमच्याकडे पाण्याचा प्रॉब्लेम पाणी नसण्याचा नाही तर पाणी न पिण्याचा होता. मिस्टरांना मुतखडा होऊन गेला, सासूबाईंना तहानच लागत नाही, आणि पोराची शाळेची बाटली जशी भरून जायची तशीच भरून परत यायची.

अकोल्याचा मे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, पारा ४५ च्या आसपास आणि वरच्या टाकीचं पाणी दुपारी नळाला इतकं तापून येतं की हात पोळतो. ते पाणी कोणी पीत नाही. मग राहिला फ्रीज, त्याचं पाणी ४-५ अंशांचं, उन्हातून आल्यावर दोन घोट घेतले की दातात कळ जाते, घसा गार पडतो आणि तहान भागली असं वाटून माणूस ग्लास ठेवून देतो. शरीराला लागतं तेवढं पाणी पोटात गेलेलंच नसतं. घामाघूम माणसांना वेगवेगळ्या तापमानाचं पाणी देऊन अभ्यास झालेत, त्यात १५-१६ अंशांच्या आसपासचं पाणी लोक आपणहून सगळ्यात जास्त प्यायले, फार थंड आणि कोमट दोन्ही कमी प्यायले. माठ काही १५ पर्यंत खाली उतरत नाही, पण मी स्वयंपाकाचं थर्मामीटर घालून पाह्यलं तर बाहेर ४३, घरात ३६ आणि माठात २४ होतं, आणि २४ अंशांचं पाणी अख्खा ग्लास एका दमात जातं. मला या माठाचा फायदा विचाराल तर हाच, बाकी सगळं यानंतर.

थंड कसं होतं ते बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असतं म्हणून लिहिते. माठाच्या मातीत बारीक छिद्रं असतात, कुंभार मातीत लीद नाहीतर राख मिसळतात, भट्टीत लीद जळून जाते आणि छिद्रं राहतात. त्यातून पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्याने उडतं, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. लिटरभर पाण्यातलं जेमतेम १० ग्रॅम उडालं तर बाहेरून येणारी उष्णता सोडली तर बाकीचं पाणी ५-६ अंशांनी उतरतं, म्हणजे किती थोड्या पाण्यात काम होतं बघा. पण हवा कोरडी पाहिजे. म्हणून विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात माठ जसा चालतो तसा मुंबई-कोकणात चालत नाही, माझी बहीण ठाण्याला आहे तिच्याकडे मे महिन्यात माठाचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा थोडंसंच गार असतं, तिकडच्यांनी तेवढीच अपेक्षा ठेवून घ्यावा.

आणि एक गोष्ट खास आमच्या इकडच्यांसाठी, माठ कूलरच्या खोलीत ठेवू नका. सगळ्यांना वाटतं कूलरची हवा लागली की अजून थंड होईल, पण खिडक्या बंद करून कूलर लावला की ती हवा ओली असते, माठाचं पाणी उडतच नाही. मी व्हरांड्यात सावलीत घडोंचीवर ठेवला जिथे दोन्हीकडून कोरडा वारा लागतो, तिथे दुपारपर्यंत माठ बाहेरून ओलाचिंब असतो आणि पाणी मस्त गार. संध्याकाळी भरायचा, रात्रभराच्या वाऱ्यात सकाळपर्यंत तयार.

घेताना मावशींनी सांगितलं, "ताई, वाजवून पाहा, आवाज बसका आला तं घेऊ नका." बोटाच्या पेराने टकटक केलं तर खणखणीत आला पाहिजे, बद्द आला म्हणजे कुठंतरी चीर आहे. शेजारी रंगीत, वेलबुट्टी काढलेले माठ पण होते, दिसायला फार सुंदर, पण त्यांच्याच शब्दात सांगते, "रंग देल्ला माठ दिसाले बरा, पाण्याले नाही." ऑइल पेंट नाहीतर वॉर्निश मारलं की छिद्रं बुजतात, मग ते नुसतं मातीचं भांडं. काळा आणि लाल यात कोणता थंड यावर घराघरात वाद होतात, काळा रंग भट्टी शेवटी झाकून आतमध्ये धूर कोंडल्याने येतो, थंड होणं मात्र छिद्रांवर आणि माठ किती पातळ आहे त्यावर आहे, त्यामुळे रंगावरून ठरवू नका, हातात घेऊन वजन बघा.

आता तब्येतीचं, ज्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

मिस्टरांचं काम फील्डवरचं, दिवसभर गाडीवर. मुतखड्याच्या वेळी डॉक्टरांनी पाणी किती प्यायचं ते न सांगता लघवी किती झाली पाहिजे ते सांगितलं, दिवसाला अडीच लिटर. म्हणजे उन्हाळ्यात घाम धरून तीन लिटरच्या वरच प्यावं लागतं. यामागे चांगला पुरावा आहे, इटलीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्यांदा खडा झालेल्या लोकांचे दोन गट केले, ५ वर्षांत भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना परत खडा झाला आणि दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. नुसत्या पाण्याने निम्म्याहून कमी! लघवी पातळ राहिली की क्षार एकमेकांना चिकटून खडा धरत नाहीत, इतकं साधं कारण आहे. आमच्याकडे आता सकाळी निघायच्या आधी दोन ग्लास माठाचे, दोन लिटरचा थर्मास सोबत, आणि दुपारी जेवायला आले की माठाकडे आधी, ताटाकडे नंतर. फ्रीजच्या बाटलीच्या वेळी हे इतके दिवस सांगून होत नव्हतं.

पण कोणी विक्रेता सांगत असेल की माठाचं पाणी अल्कलाइन असतं, त्याने खडा विरघळतो, ॲसिडिटी मुळापासून जाते, तर विश्वास ठेवू नका. झालेला खडा माठाने विरघळत नाही. फायदा पाण्याचा आहे आणि ते पाणी जास्त जातं म्हणून माठाचा.

बायकांसाठी मुद्दाम लिहिते कारण हे कोणी उघड बोलत नाही. बाहेर जायचं असलं, एसटीचा प्रवास असला, लग्नकार्य असलं की आपण सकाळपासून पाणी पीत नाही, का तर जायला जागा नसते. शेतात निंदणाला जाणाऱ्या बायकांचं तर रोजचंच. आणि मग लघवीची जळजळ, इन्फेक्शन, परत परत गोळ्या. २०१८ मध्ये १४० बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळ्या कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या, त्यातल्या अर्ध्या जणींना रोज दीड लिटर जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं आणि बाकीच्या जणींना ३.२ वेळा. अँटिबायोटिकही त्यामुळे कमी लागलं. मला हे वाचून फार वाईट वाटलं, की ज्या गोष्टीवर इतका साधा उपाय आहे ती आपण संडास-बाथरूमच्या सोयीअभावी अंगावर काढतो. घरात असाल तेवढा वेळ तरी पोटभर प्या ग बायांनो.

सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. वय झालं की तहानेची जाणीवच कमी होते, शरीर कोरडं पडलेलं असतं पण पाणी मागावंसं वाटत नाही, मग चक्कर, बद्धकोष्ठता, थकवा, आणि आपण म्हणतो वयामुळे होऊन राहिलं. त्यांना प्लास्टिकची बाटली आवडत नाही, फ्रीजचं चालत नाही, पण माठाचं पाणी त्या त्यांच्या पितळी गडव्यात घेऊन दिवसभर जवळ ठेवतात. वाळ्याची जुडी धुऊन माठात टाकली तेव्हा तर वासानेच दोनदा मागून प्यायल्या. एक महत्त्वाचं, ज्यांना हार्टचा किंवा किडनीचा त्रास आहे, लघवी होण्याची गोळी चालू आहे, त्यांना डॉक्टर पाणी मोजून देतात, त्यांनी माठ आला म्हणून वाढवू नये, आधी विचारावं.

किती प्यायचं याचा आकडा लोक फार धरून बसतात. आठ ग्लास हा काही शास्त्रातून आलेला पक्का नियम नाही. युरोपातली २०१० ची शिफारस बघितली तर बायकांना दिवसाला २ लिटर आणि पुरुषांना अडीच, आणि त्यात जेवणातलं पाणी पण धरलंय, वरण, ताक, चहा, टरबूज, काकडी सगळं. पण तो आकडा तिकडच्या हवेतल्या माणसाचा, आपल्या उन्हात काम करणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणून लघवीचा रंग बघा, फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद झाला की प्या. आणि उलटं पण करू नका, तासाभरात तीन-चार लिटर ढोसलं तर किडनीला तेवढं बाहेर टाकता येत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. खूप घाम गेलाय तर नुसत्या पाण्यापेक्षा ताकात मीठ घालून, पन्हं, जेवण यातून मीठ जाऊ द्या. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस, घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा लहान. ऊन लागून माणूस बरळायला लागला, शुद्ध हरपली तर पाणी पाजत बसू नका, अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

माझं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या कितीतरी गावांत विहिरी-बोअरचं पाणी खारं आहे आणि ते माठात भरलं म्हणून गोड होत नाही. उलट पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, माहेरी माठाच्या बाहेरून पांढरा थर धरायचा, बोटाने खरवडला तर पीठ निघायचं आणि जिभेला लावलं तर खारट. तोच थर छिद्रं बुजवतो, म्हणून तिकडे एका उन्हाळ्यात माठ निकामी होतो आणि लोक म्हणतात माती खराब होती. अशा गावात पिण्याचं पाणी आरओचं नाहीतर योजनेचंच भरा. मी पण आरओमधून काढून माठात भरते.

आता तक्रारी. नळ पहिल्याच आठवड्यात ठिबकायला लागला, आतला रबरी वायसर हलक्या दर्जाचा होता, हार्डवेअरच्या दुकानातून जाड वायसर आणून बसवला तेव्हा थांबला. नट फार आवळू नका, माठाला चीर जाते. खाली थाळी ठेवली असेल तर त्यातलं पाणी रोज ओता, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. माठ आठवड्यातून एकदा तरी पूर्ण रिकामा करून नारळाच्या काथ्याने आतून घासायचा, साबण अजिबात नाही, माती साबण पिऊन घेते आणि मग पाण्याला वास येतो. झाकण घट्ट, आणि नळ नसलेला माठ घेतला तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, ग्लास बुडवून बोटं आत घालणं बंद.

नवा आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पहिल्या दोन दिवसांचं पाणी झाडांना घाला, त्याला मातीचा कच्चा वास असतो. घ्यायचा तर मार्चमध्येच घ्या, अक्षय्य तृतीयेला घागर भरायची म्हणून सगळे एकदम घ्यायला येतात आणि चांगले माठ आधीच निवडून गेलेले असतात. मावशींशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका, तापलेल्या डांबराशेजारी दिवसभर बसून त्या विकतात. पाऊस लागला की माठ उन्हात कडकडीत वाळवून उलटा घालून ठेवायचा, ओला ठेवला तर आतून बुरशी धरते.