दुचाकीचा अपघाती क्लेम: कुठला मार्ग धरावा आणि पैसे नेमके कुठे कापले जातात

दुचाकीचा क्लेम तीन वाटांनी मिळतो. विमा कंपनीशी टाय-अप असलेल्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस, स्वतः बिल भरून मागाहून भरपाई, आणि किरकोळ नुकसानीसाठी मोबाईलवरून व्हिडिओ सर्व्हे. तिन्हींचा शेवटचा आकडा एकाच कागदावर ठरतो: सर्व्हेअरची, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेल्या माणसाची, असेसमेंट शीट. कुठल्या पार्टचे किती पैसे मंजूर, ते तिच्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. ‘साहेब, थोडं वाढवून बघा’ म्हटल्याने तो आकडा हलत नाही. शीटमधली अमुक ओळ चुकली आहे हे पॉलिसीवर बोट ठेवून दाखवलं, की हलतो. म्हणून या परीक्षणात ॲप किती देखणं आहे किंवा कॉल सेंटरवर किती गोड बोलतात याला गुण नाहीत. शीट वेळेत हाती पडते का आणि ती दुरुस्त करून घेता येते का, एवढंच पाहिलं आहे.

आधी पॉलिसी काढून ओडी म्हणजे ओन डॅमेजची मुदत बघा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण त्यासोबतचं ओडी बऱ्याचदा एकाच वर्षाचं असतं. कागदावर पाच वर्षं पुढची तारीख दिसते आणि गाडीवाला निर्धास्त राहतो. दुसऱ्या वर्षी अपघात झाला की कळतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला कव्हरच नव्हतं. इथे वाटाघाट करायला काही उरत नाही. त्याच पानावर आयडीव्ही (पॉलिसीत ठरलेली गाडीची किंमत), एनसीबीची (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची) टक्केवारी आणि झीरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) आहे की नाही हेही दिसतं. अपघाताच्या दिवशी चालवणाऱ्याचं लायसन्स चालू होतं ना, ते तपासा.

मग क्लेम करावाच का, याचा हिशेब करा. समजा, सध्या ३५ टक्के एनसीबी आहे आणि सवलतीआधीचा ओडी हप्ता १,००० रुपये आहे. क्लेम केला नाही तर पुढची पाच वर्षं सवलत ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. वर्षावर्षाचा फरक ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, एकूण १२० टक्के, म्हणजे १,२०० रुपये. क्लेमपोटी हातात १,२०० पेक्षा कमी पडणार असतील, तर इंडिकेटर आणि आरसा खिशातून बदलून मोकळं व्हावं. एनसीबी फक्त ओडी हप्त्यावर मिळतं, थर्ड पार्टीवर नाही; वर्कशॉपमधले लोक पुष्कळदा पूर्ण हप्त्यावर हिशेब करून घाबरवतात.

क्लेम करायचाच ठरला, तर गाडी हलवण्याआधी फोटो काढा: नंबर प्लेटसह चारही बाजू, रस्ता, ओडोमीटर, चेसिस नंबर. त्याच दिवशी कळवून क्लेम नंबर घ्या. टोइंगची पावती ठेवा. स्टँडर्ड पॉलिसीत दुचाकीला त्यापोटी फक्त ३०० रुपये आहेत, रोडसाइड असिस्टन्स वेगळा घेतला असेल तर तो वापरा. गाडी पाण्यात बुडाली असेल तर सेल्फ मारू नका, किकही नको. पाणी सिलिंडरमध्ये असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ‘पुराने नाही, तुम्ही चालू केल्याने झालं’ म्हणून तो भाग शीटमधून उडतो.

आता शीट. घसारा, म्हणजे वापरलेल्या पार्टच्या किमतीतली कपात, सर्व्हेअरच्या मर्जीवर नसतो, तो पॉलिसीत छापलेला असतो. प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर-ट्यूब आणि बॅटरीवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३०, काचेवर शून्य. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: ६ महिन्यांपर्यंत काहीच नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४०, त्यापुढे ५०. लेबरवर घसारा नाही.

उदाहरण घेऊ. गाडी साडेतीन वर्षांची, झीरो डेप नाही, समोरून धडक. जीएसटी धरून धातूचे भाग: दोन फोर्क पाइप २,४००, खालची टी (फोर्क पाइप धरून ठेवणारा भाग) १,६००, पुढचं अलॉय व्हील ३,४००, हँडल ७००. बेरीज ८,१००. प्लॅस्टिक: हेडलाइट असेंब्ली २,२००, व्हायजर ७००, मडगार्ड ९००, इंडिकेटर ३००. बेरीज ४,१००. लेबर १,८००. बिल झालं १४,०००. धातूचे ७५ टक्के म्हणजे ६,०७५, प्लॅस्टिकचे निम्मे २,०५०, लेबर पूर्ण १,८००, मिळून ९,९२५. त्यातून सक्तीचं डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची ठरावीक रक्कम) १०० आणि जुन्या पार्टचं भंगार समजा ३०० गेलं, की ९,५२५ उरतात. ४,४७५ तुमच्या खिशातून. एवढी आकडेमोड एस्टिमेट हातात आल्याबरोबर स्वतः करा. शीटमधला आकडा याहून कमी निघाला, तर फरक कुठल्या ओळीत आहे ते लगेच सापडतं.

फरक बहुधा ठरावीक जागी सापडतो. एक म्हणजे पेंट. घसारा फक्त रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के आहे, आणि बिलात मटेरियल व मजुरी एकत्र असेल तर मटेरियल बिलाच्या २५ टक्के धरायचं असतं. टाकीच्या रंगाचं बिल २,००० असेल तर मटेरियल ५००, कपात २५०. सगळ्या २,००० वर निम्मं कापून १,००० कमी केलेले दिसले तर ती सरळ चूक आहे, ७५० परत मागा. दुसरी जागा पार्टच्या वर्गवारीची. अख्खी असेंब्ली एकाच ओळीत ‘प्लॅस्टिक’ म्हणून घातली, तर तिच्यातल्या धातूच्या ब्रॅकेटवरही ५० टक्के कापले जातात. वर्कशॉपला पार्ट नंबरनिशी वेगळ्या ओळी पाडायला सांगा. जिथे कंपनी तो पार्ट सुटा विकते, तिथे हे जमतं. भंगाराची रक्कम मात्र फार ताणू नका, शंभर-दोनशेसाठी फाइल आठवडाभर लटकते.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, कारण ती पैशांपुरती राहत नाही: बदलायचं की दुरुस्त करायचं. समोरच्या धडकेत फोर्क पाइप वाकतो आणि शीटवर ‘स्ट्रेटनिंग’ लिहून येतं. त्याला मान्यता देऊ नका. पाइपवर हार्ड क्रोमचा थर असतो. प्रेसवर सरळ करताना त्याला बारीक चिरा जातात, तिथून गंज धरतो, ऑइल सील कापलं जातं आणि काही महिन्यांत फोर्क गळायला लागतो. शिवाय वाकून सरळ केलेला धातू पुन्हा त्याच जागी लवकर वाकतो. सर्व्हेअरला तोंडी सांगण्यापेक्षा दाखवा. पाइप काढून व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, डायल गेज लावून फिरवायचा. कित्येक मॉडेलांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वाकाची मर्यादा ०.२ मिमी दिलेली असते. गेज नसेल तर सपाट काचेवर पाइप लोळवून व्हिडिओ काढा, वाकलेला पाइप डुलत जातो आणि खालून उजेड दिसतो. मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो आणि वर्कशॉपच्या शिक्क्याचं ‘बदलणे आवश्यक’ असं पत्र ईमेलने पाठवा. अलॉय व्हीलला तडा असेल तर वेल्डिंगला नकार देण्यासाठीही हीच पद्धत.

चौथी जागा आतल्या नुकसानीची. पहिला सर्व्हे गाडी बांधलेली असताना होतो. कोन सेट (हँडलचं बेअरिंग), टीचा वाक, इंजिनच्या माउंटिंगजवळची चेसिसची चीर, हे सगळं खोलल्यावर दिसतं. त्यासाठी सप्लिमेंटरी, म्हणजे पुरवणी एस्टिमेट करून पुन्हा मंजुरी घ्यावी लागते, आणि ती पार्ट बदलण्याआधीच. आधी बदलून मागाहून बिल जोडलं तर ती ओळ हमखास कापली जाते. जुने पार्ट री-इन्स्पेक्शन (सर्व्हेअरची पुन्हा तपासणी) होईपर्यंत वर्कशॉपमधून हलू देऊ नका.

या कसोटीवर कॅशलेसला आमचे सर्वाधिक गुण. मोठी रक्कम अडकत नाही आणि शीटवर भांडायला वर्कशॉपचा ॲडव्हायजर तुमच्या बाजूने असतो, कारण मंजूर रक्कम त्यालाच मिळायची असते. दोष असा की शीट पुष्कळदा तुम्हाला दाखवलीच जात नाही. डिलिव्हरीच्या दिवशी काउंटरवर ‘तुमचा हिस्सा इतका’ एवढंच ऐकवतात. दुरुस्तीला हो म्हणण्याआधी शीटची प्रत मागा. लेगगार्ड किंवा बॉक्ससारखी वेगळी बसवलेली ॲक्सेसरी पॉलिसीत नोंदवलेली नसेल तर तिचे पैसे मिळत नाहीत, तेही तेव्हाच विचारून घ्या.

स्वतः बिल भरून भरपाई मागण्याची वाट तालुक्याच्या गावी, जिथे टाय-अपचं वर्कशॉप जवळ नाही, तिथे उपयोगी आहे. पण सर्व्हे होईपर्यंत गाडीला पान्हा लावू नका, पक्कं जीएसटी बिल आणि पैसे भरल्याची पावती घ्या. ओळखीच्या मेकॅनिकच्या साध्या चिठ्ठीवर क्लेम अडकतो.

व्हिडिओ सर्व्हे पॅनेल, आरसा, लिव्हर अशा नुकसानीला झकास. समोरच्या धडकेला अजिबात घेऊ नये. फोनच्या कॅमेऱ्याला ओरखडा दिसतो, वाक दिसत नाही, आणि लगेच खात्यावर देऊ केलेली रक्कम स्वीकारली की नंतर फोर्कचा विषय काढणं अवघड होतं.

झीरो डेप असेल तर वरची घसाऱ्याची कपात जाते, पण डिडक्टिबल राहतं, आणि बहुतेक पॉलिसींत ऑइल, नट-बोल्टसारख्या कन्झ्युमेबलचे पैसे वेगळं ॲड-ऑन घेतल्याशिवाय मिळत नाहीत. वर्षात किती क्लेमना झीरो डेप लागू आहे, तेही छापलेलं असतं.

टोटल लॉसमध्ये, म्हणजे गाडी दुरुस्त करणं परवडणारच नाही तेव्हा, रक्कम मोठी आणि घाईही मोठी. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस धरतात. आयडीव्ही ६०,००० असेल तर रेषा ४५,००० वर. इथे ‘गाडी आता जुनी झाली, बाजारभाव इतकाच’ असं म्हणून आयडीव्हीहून कमी आकडा पुढे केला, तर मान्य करू नका. टोटल लॉससाठी पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत आयडीव्ही हाच बाजारभाव धरायचा आणि त्यावर आणखी घसारा लावायचा नाही, असं पॉलिसीतच लिहिलेलं असतं. खरी घासाघीस होते ती साल्व्हेजवर, म्हणजे मोडक्या गाडीच्या किमतीवर. ‘गाडी तुम्हीच ठेवा’ म्हणत मोडक्या गाडीची किंमत १४,००० धरली, तर हातात ६०,००० वजा १०० वजा १४,००० म्हणजे ४५,९०० येतात. ती गाडी १४,००० ला कोणी घेईल का? तो भाव देणाऱ्याची लेखी ऑफर मागा, तिची मुदत बघा, आणि साल्व्हेज कंपनीनेच उचलावं हा पर्याय लेखी ठेवा. मोडकी गाडी आरसीसकट दुसऱ्याकडे गेली आणि नाव तुमचंच राहिलं, तर पुढच्या भानगडी तुमच्या दारात येतात. नोंदणी रद्द करायची की नावावरून उतरवायची, ते गाडी देण्याआधी आरटीओच्या कागदांवर मिटवा. कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात.

चोरीच्या क्लेममध्ये एफआयआर ताबडतोब, दोन्ही किल्ल्या, आणि तपास लागला नाही तर पोलिसांचा ‘ए समरी’ (गुन्हा खरा, पण छडा लागला नाही) अहवाल. एफआयआर वेळेत झाली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

तक्रारीच्या सेवेबद्दल मत बरंच चांगलं आहे, फक्त तिच्याकडे लेखी जावं लागतं. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायचा आणि पुढच्या ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. कागद अपुरे आहेत एवढ्या कारणाने क्लेम फेटाळता येत नाही. सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलं आहे. पटत नसलेल्या रकमेच्या डिस्चार्ज व्हाउचरवर सही मागितली तर ‘हक्क राखून, हरकतीसह’ असं लिहून सही करा. व्हाउचरवर सही झाली म्हणून जादा रकमेचा हक्क बुडत नाही, असं नियामकाने २०१५ मध्ये कंपन्यांना कळवलं आहे.

पहिलं पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, आणि त्यात चार रकाने पुरेत: पार्ट, शीटमधली रक्कम, पॉलिसीप्रमाणे रक्कम, फरक. मनस्तापाचं वर्णन दोन ओळींत आटोपा. सोबत नियामकाच्या १५५२५५ या नंबरवर किंवा बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवून टोकन नंबर घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क नाही, वकील नाही. कंपनीचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत मात्र जायला हवं. निवाडा कंपनीला बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळायचा असतो. तुम्हाला तो मान्य नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि भरलेला हप्ता ५ लाखांच्या आतला असल्याने तिथेही शुल्क लागत नाही.