केटरहॅम सेव्हन ४२०आर: गॅरेजात जोडलेल्या गाडीचा अनुभव

पैसे वाचवायला म्हणून केटरहॅमचं किट, म्हणजे त्यांच्या सेव्हन ह्या छोट्या स्पोर्ट्स गाडीचे घरी जोडायचे सुटे भाग, घेऊ नका. हे आधीच सांगते, कारण ओळखीतल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो, "घरी जोडली म्हणजे स्वस्तात पडली असेल ना?" नाही पडली. फॅक्टरीतून बांधून घ्यायला जे वरचे पैसे लागतात ते गाडीच्या किमतीपुढे थोडेच आहेत. ते वाचतात खरे, पण पाने, टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), अ‍ॅक्सल स्टँड आणि तपासणीची फी ह्यांत जवळपास सगळे जिरतात. किट घ्यायचं ते गाडी मुळापासून कळावी म्हणून. त्यासाठी ह्याच्याइतकी चांगली वस्तू बाजारात मला तरी माहीत नाही, आणि मी मोटारींच्याच कामात आहे.

मी मूळची चिंचवडची. बाबा टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये होते. इंडिका निघाली तेव्हा ते पिंपरीच्या लाइनवर होते. २००८ साली टाटांनी जग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि पिंपरीहून वॉरिकशरला येणाऱ्यांची वाट रुळली, त्याच वाटेने मीही आले. काम सस्पेन्शनचं. पण आजच्या मोटारीत एकेक माणूस वर्षानुवर्षं एकाच ब्रॅकेटवर असतो. अख्खी गाडी स्वतःच्या हाताने जोडायची ही हौस कॉलेजात बाहा एसएई ह्या विद्यार्थ्यांच्या गाडी बांधायच्या स्पर्धेसाठी पिथमपूरला गेले होते तेव्हापासूनची, आणि ती नोकरीत कधीच भागली नाही.

सेव्हनची गोष्ट जुनी आहे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन आणली. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून लोक भाग घेऊन घरी जोडायचे. १९७३ साली व्हॅट आला आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे आले. सरे परगण्यातल्या त्याच नावाच्या गावात कंपनी सुरू झाली, म्हणून हे नाव. २०२१ पासून मालकी व्हीटी होल्डिंग्ज ह्या जपानी कंपनीकडे आहे. करातली सवलत गेली तरी घरी जोडायची पद्धत मात्र राहिली, आणि ती केवळ ह्या गाडीच्या साधेपणामुळे राहिली असं माझं मत आहे.

साधी म्हणजे किती, तर स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, पुढे फोर्डचं २ लिटरचं ड्युराटेक इंजिन, मागे मझदाचा पाच गिअरचा गिअरबॉक्स. ताकद २१० बीएचपी. ही काही आजच्या काळात डोळे विस्फारायला लावणारी संख्या नाही, पण वजन आहे ५६० किलो. आपल्याकडची स्विफ्टसुद्धा ९०० किलोच्या आसपास भरते. त्यामुळे शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग ३.८ सेकंदांत येतो. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, एअरबॅग नाहीत, ब्रेकला सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नाही. जे नाही ते बिघडत नाही आणि जोडावंही लागत नाही.

ट्रकमधून सांगाडा उतरतो तेव्हा पत्रे आणि वायरिंग बऱ्यापैकी बसवलेलं असतं, रंग झालेला असतो. बाकी सगळं खोक्यांत. पहिल्या दिवशी पान्याला हात लावू नका. सगळी खोकी उघडा, यादीशी ताडून बघा, नट-बोल्टच्या पिशव्यांवर मार्करने लिहा, आणि हे काम अजिबात उरकू नका. एका आकाराचे दोन बोल्ट दिसायला सारखे असतात आणि त्यांची लांबी मात्र पाच मिलिमीटरने वेगळी असते. चुकीचा बोल्ट चुकीच्या जागी गेला की तो तुम्हाला तीन आठवड्यांनी, दुसरीकडे काम करताना कळतो.

पुढचे विशबोन (चाक सांगाड्याला जोडणारे दांडे), स्टिअरिंग रॅक, डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) ही कामं आनंदाची आहेत. सगळं डोळ्यासमोर असतं, हात सगळीकडे पोचतो. खरी परीक्षा मागे आहे. ह्या गाडीला डी डिऑन अ‍ॅक्सल येतो. म्हणजे डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी) सांगाड्याला घट्ट बांधलेलं, आणि दोन्ही चाकं एका वाकवलेल्या पोकळ नळीने एकमेकांना जोडलेली, ती नळी डिफच्या मागून जाते. डिफचं जड वजन चाकांबरोबर वरखाली होत नाही, त्यामुळे चाक रस्त्याला धरून राहतं, आणि दोन्ही चाकं एकमेकांना समांतरही राहतात. पुस्तकात हे एका आकृतीत समजतं. गॅरेजात ते डिफ जमिनीवर पाठ टेकून वर उचलायचं असतं, रंगाला ओरखडा न पाडता नळ्यांच्या मधे घालायचं असतं, आणि दोन्ही बाजूंना वॉशर घालून बरोबर मधोमध आणायचं असतं. एका बाजूला एक पातळ वॉशर जास्त झाला की लांब बोल्ट पलीकडच्या भोकात शिरत नाही.

बाबा त्या उन्हाळ्यात इथे आले होते. बोल्ट नव्वद टक्के आत गेला होता, मी रॅचेट उचलला, तर म्हणाले, "अगं, थांब. आधी हाताने आटे बसव. हाताने फिरत नसेल तर ते भोक अजून सरळ रेषेत नाही." त्यांनी माझ्याकडून जॅक चिमूटभर वर घ्यायला लावला, डिफच्या खाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि बोल्ट दोन बोटांनी फिरवला. तो फिरत आत गेला. आख्ख्या बांधणीत आम्ही हाच नियम पाळला: प्रत्येक नट आधी बोटांनी, मग पान्याने, शेवटी टॉर्क रेंचने, आणि टॉर्क झालेल्या नटावर पिवळ्या रंगाची रेघ. रात्री दिवा घेऊन गाडीभोवती फिरलं की कुठे रेघ नाही ते लगेच दिसतं.

इंजिन बसवायला मात्र तीन माणसं लागतातच. गिअरबॉक्स इंजिनाला आधी जोडून घ्यायचा, क्रेनला टांगायचा, शेपटी खाली करून समोरून आत न्यायचा, आणि दोन सीटांमधल्या टनेलमध्ये आधीच ठेवलेल्या, मागे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या खाचा गिअरबॉक्समध्ये बसवायच्या. एक जण क्रेनवर, एक टनेलपाशी आडवा, एक इंजिन हलवायला. सांगाड्याच्या नळ्यांना आधी पुठ्ठा आणि चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. क्रेन भाड्याने आणणार असाल तर दुकानातच वजन टांगून बघा. आम्हाला मिळालेली क्रेन हळूहळू स्वतःच खाली येत होती, आणि अर्धं इंजिन आत गेल्यावर ते लक्षात येणं फार धोक्याचं आहे. दुकानदाराने दुसरी दिली, पण अख्खा शनिवार गेला.

माझ्या गाडीत ड्राय संप आहे. तेल इंजिनाच्या खाली साठत नाही, वेगळ्या टाकीत असतं, म्हणजे जोरात वळलं तरी पंपाला तेल कमी पडत नाही. ह्यामुळे पहिल्यांदा इंजिन सुरू करायच्या आधी स्पार्क प्लग काढून, नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवत, गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत थांबायचं असतं. स्टार्टरला मधेमधे विश्रांती देत. काटा हलायला वेळ लागतो. तो हलल्याशिवाय प्लग परत लावायचे नाहीत, मग कितीही जण बघायला जमलेले असोत.

आता तपासणीबद्दल, कारण माझ्या मते ह्या अनुभवातला सर्वांत कौतुकाचा भाग तोच आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल, म्हणजे आयव्हीए पास व्हावं लागतं. ही तपासणी सरकारी डीव्हीएसए करते. गाडी जोडणाऱ्यांमध्ये ह्याची धास्ती असते. मला ती सेवा फार आवडली. काय तपासणार ते सगळं आधीच छापलेलं, नियमपुस्तक कुणालाही बघता येतं. बाहेरच्या बाजूला १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे जिथे टेकू शकतो, तिथली प्रत्येक कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. म्हणून विशबोनच्या नटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या, पत्र्याच्या कडांना रबराची पट्टी, डॅशबोर्डच्या खालच्या काठालाही पट्टी. तपासनीस खरोखर तो गोळा हातात घेऊन गाडीभोवती फिरतो. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो का, ब्रेकचा जोर पुढे-मागे कसा वाटला जातो, एक्झॉस्टचा आवाज किती, धूर किती, वळण घेऊन स्टिअरिंग सोडलं तर ते आपोआप मध्याकडे येतं का. ह्या शेवटच्या मुद्द्यासाठी बरेच जण तपासणीपुरता पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलतात.

आमचे तपासनीस साठीच्या घरातले, मितभाषी. त्यांनी मागच्या ब्रेकच्या पाइपच्या एका क्लिपवर बोट ठेवून "हा नंतर घासेल" एवढंच सांगितलं. क्लिप जागची हलवली, पाच मिनिटांत काम झालं. पास झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं की तो कागद गाड्यांची नोंदणी करणाऱ्या डीव्हीएलएकडे पाठवायचा आणि नंबर घ्यायचा. बांधणीचे फोटो जपून ठेवा, गाडी स्वतः जोडल्याचा तो पुरावा असतो.

बाबा सबंध वेळ बाजूला उभे होते. परतताना म्हणाले, "आपल्याकडे हे का नाही?" त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मला लागतं. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधिकच स्पष्ट केलं. नव्या गाडीचा नमुना मंजूर करायचा तो एआरएआयसारख्या संस्थेत. एआरएआय माझ्या पुण्यातच आहे, वेताळ टेकडीवर, पण ती प्रक्रिया कारखान्यांसाठी आहे, एक गाडी बांधणाऱ्या माणसासाठी नाही. दरवर्षी इंजिनिअरिंगची शेकडो मुलं बाहाच्या आणि फॉर्म्युलाच्या गाड्या स्वतः वेल्डिंग करून बांधतात, आणि त्यातली एकही आरटीओच्या दारातून नंबर घेऊन बाहेर येऊ शकत नाही. रस्त्यावर काहीही आणू द्या असं मी म्हणत नाही. शंभर मिलिमीटरचा गोळा घेऊन एका गाडीभोवती फिरणारा एक माणूस आपल्याकडेही नेमता येईल, इतकंच म्हणते.

चालवायला कशी आहे? फॉस वे हा रोमन काळातला सरळ रस्ता आमच्या भागातून जातो, तिथे ती नुसती गोंगाट करते आणि वारा डोळ्यांत पाणी आणतो. एजहिलच्या चढावर वळणं सुरू झाली की मग कळते. चाकं बॉडीच्या बाहेर उघडी असल्यामुळे पुढची विंग, म्हणजे चाकावरचं मडगार्ड, खड्ड्यावर वरखाली होताना सीटवरून दिसते. ऑफिसात जे आलेखात बघते ते इथे चार फुटांवर घडतं, आणि त्याच क्षणी हातात स्टिअरिंग हलकं किंवा जड होतं. डॅम्परवरची स्प्रिंगची बैठक दोन आटे फिरवली, तर त्याच वळणावर फरक कळतो. सर्व्हो नसलेला ब्रेक पहिल्या दिवशी दगडासारखा वाटतो, पण एकदा पायाला सवय झाली की कुठल्याही नव्या गाडीचा ब्रेक मऊ वाटतो. लांबच्या प्रवासाला ही गाडी नाही. मोटरवेवर ट्रकचं चाक तुमच्या डोक्याच्या उंचीला असतं. पावसात कापडी टप लावून आत शिरणं कष्टाचं आहे, आणि उतरताना बाजूच्या गरम एक्झॉस्टला पाय लागू नये म्हणून सांभाळावं लागतं; साडी किंवा पातळ सलवार नेसून ह्यात बसू नका.

ऑर्डर द्यायच्या आधी दोन्ही आकारांच्या गाड्यांत प्रत्यक्ष बसून बघा. एसव्ही हा मोठा सांगाडा ११० मिलिमीटरने रुंद आहे. उंच किंवा रुंद बांध्याच्या माणसाने तोच घ्यावा, नाहीतर पेडलवर दोन पाय एकमेकांत अडकतात. मी पाच फूट तीन इंच, मला लहान सांगाडा नेमका बसला. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) जरूर घ्या, ते नंतर बसवायचं तर मागचं सगळं पुन्हा खोलावं लागेल. हीटर घ्या, वजन वाढतं म्हणून नको म्हणणारे भेटतील, ते बहुधा जुलैत गाडी चालवतात. कार्बन फायबरच्या विंग दिसायला सुरेख आहेत, पण ते पैसे मी चांगल्या टायरवर आणि कॉर्नर वेट (चारही चाकांवर पडणारं वजन) नीट करून घेण्यावर घालवीन. वजन करताना चालकाच्या सीटवर तुमच्याच वजनाची पोती ठेवायला सांगा. आणि ड्राय संप घेतलात तर तेलाची पातळी इंजिन पूर्ण गरम करून, बंद केल्यावर लगेच बघायची. थंड इंजिनावर टाकी रिकामी दिसते आणि माणूस उगाच वरून तेल ओततो.