लॅक ओपेरॉन प्रात्यक्षिक किट: घेण्यासारखे, पण पुस्तिका अपुरी

पदवीच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आमच्या विभागाने यंदा लॅक ओपेरॉनच्या (जिवाणूतील लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांच्या संचाच्या) प्रात्यक्षिकाचे तयार किट मागवले. त्यात ई. कोलाय जिवाणूचे दोन वाण येतात: एक मूळ आणि दुसरा, रिप्रेसर हे रोधक प्रथिन बनवणारे लॅक-आय जनुक निकामी असलेला. किटचे पैसे या दुसऱ्या वाणातच वसूल होतात. रिप्रेसर ऑपरेटरवर, म्हणजे जनुकांलगतच्या नियंत्रक जागेवर, बसतो आणि लॅक्टोज तोडणाऱ्या बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या एन्झाइमची निर्मिती रोखतो, हे जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेले तत्त्व मुले पाठ करून येतात. मात्र आयपीटीजी (रिप्रेसरला हटवणारे कृत्रिम रसायन) अजिबात न घालता, ग्लिसरॉलवर वाढवलेल्या या दुसऱ्या वाणात ओएनपीजी (या एन्झाइमने तुटल्यावर पिवळा रंग देणारे रसायन) मिसळल्यावर नळी बघता बघता पिवळीधमक होते आणि शेजारची मूळ वाणाची नळी तशीच रंगहीन राहते, तेव्हा एन्झाइमचे जनुक चालायला तयारच असते आणि पेशी त्याला अडवून धरते, हे वेगळे समजावावे लागत नाही. ग्लुकोजमुळे पडणारा निराळा अंकुश दाखवणारी नळीही दिली आहे, तीही अपेक्षेप्रमाणे फिकट येते.

ओएनपीजीची एक बाटली आली तेव्हाच पिवळसर होती. तक्रार केल्यावर कंपनीने ती विनासायास बदलून दिली.

खरी उणीव पुस्तिकेत आहे. दमन, म्हणजे रिप्रेसरने जनुक अडवणे, म्हणजे जनुक पूर्ण बंद, असे ती सांगते. मूळ वाणाची नळी अभिक्रिया थांबवणारे सोडियम कार्बोनेट न घालता बराच वेळ ठेवली, तर तिच्यातही पुसट पिवळी छटा उतरते, कारण रिप्रेसर ऑपरेटरवरून अधूनमधून सुटतो आणि थोडे एन्झाइम तयार होत राहते. ही गळती दोष नव्हे. रिप्रेसरला हटवणारा ॲलोलॅक्टोज हा पदार्थ लॅक्टोजपासून हेच एन्झाइम बनवते. दमन शंभर टक्के असते, तर लॅक्टोज आल्याची दखल पेशीला घेताच आली नसती. आयपीटीजी थेट रिप्रेसरला चिकटते आणि पेशीत पचतही नाही, त्यामुळे प्रयोग सोपा होतो, पण हा सगळा भाग झाकला जातो. पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

तरीही हे किट जरूर घ्यावे. सोबत लॅक्टोज वेगळे आणून एक नळी त्याचीही लावावी आणि पिवळेपणा मोजणारी ४२० नॅनोमीटरवरील वाचने आयपीटीजीच्या नळीशी ताडून पाहायला मुलांना पुरेसा वेळ द्यावा.