अमेरिकेतील गुलामगिरीवरचा अभ्यासवर्ग : हिशेब चोख, समाजाची बाजू घाईत

धंतोलीतील एका अभ्यासिकेने यंदा उन्हाळ्यात रविवारी सकाळी एक अभ्यासवर्ग चालवला. विषय होता 1861 च्या यादवी युद्धापूर्वीची अमेरिकेतील गुलामगिरी, आणि तीही अर्थव्यवस्था व समाजव्यवस्था म्हणून. शुल्क 500 रुपये होते. त्यात छापील टिपणे आणि चहा आला. हा स्पर्धा परीक्षेचा वर्ग असावा असे समजून काही जण फिरकले नसतील, परंतु त्याचा गुणांशी काही संबंध नव्हता. नागपुरात अशा विषयाला मराठीतून इतका वेळ क्वचितच मिळतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

वक्त्यांनी आरंभ केला तो सरकीपासून, आणि ही निवड मला फार आवडली. आखूड धाग्याच्या कापसातील सरकी हाताने काढणे इतके वेळखाऊ होते की ते पीक फारसे परवडत नसे. 1793 मध्ये एली व्हिटनीच्या यंत्राने ही अडचण दूर केली. श्रम वाचवणाऱ्या यंत्रामुळे गुलामांची गरज कमी व्हावी असे कोणालाही वाटेल, पण घडले ते उलट : रुई काढणे सोपे झाल्याने लागवड जॉर्जियापासून मिसिसिपी आणि टेक्सासपर्यंत पसरली, वेचणी मात्र हातानेच करावी लागत असल्याने माणसांची मागणी वाढतच गेली. 1790 मध्ये सुमारे 7 लाख असलेली गुलामांची संख्या 1860 मध्ये 39 लाखांवर गेली. बाहेरून गुलाम आणण्यास 1808 पासून बंदी असूनही ही वाढ झाली, कारण व्हर्जिनियाच्या 1662 च्या कायद्याने घालून दिलेल्या पायंड्याप्रमाणे गुलाम आईचे मूल गुलामच ठरत असे, आणि मालकाच्या वहीत प्रत्येक जन्म ही भांडवलातील भर होती. व्हर्जिनिया, मेरीलँडकडून खोल दक्षिणेकडे, म्हणजे मिसिसिपीसारख्या कापसाच्या राज्यांकडे, हलवल्या गेलेल्या माणसांची संख्या सुमारे 10 लाख भरते.

सर्वांत चांगले व्याख्यान जॉर्जियातील सवाना शहरात झालेल्या गुलामांच्या लिलावावरचे झाले. मार्च 1859 मध्ये पिअर्स बटलर या जमीनदाराने कर्ज फेडण्यासाठी 436 स्त्री-पुरुष आणि मुले विक्रीस काढली. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवस लिलाव चालला आणि 3,03,850 डॉलर जमा झाले. विक्रीची यादी पडद्यावर दाखवली गेली : अनुक्रमांक, नाव, वय, आणि पुढे भातशेती किंवा कापूस असा कामाचा उल्लेख. कुटुंबे तोडणार नाही अशी हमी दिलेली होती, पण तिच्यात बसत होते ते नवरा-बायको आणि लहान मुले. म्हातारे आईवडील, भाऊ-बहिणी वेगळ्या मालकाकडे जाऊ शकत होत्या. गुलाम हे कर्जासाठी तारणही असत, त्यांचा विमा उतरवला जाई, आणि त्या कर्जाचा व कापसाचा पैसा न्यूयॉर्क व लिव्हरपूलच्या पेढ्यांतून फिरत असे. स्वतः एकही गुलाम न बाळगणारा व्यापारी या व्यवस्थेत कसा गुंतलेला होता, हे इतक्या स्पष्टपणे मी प्रथमच ऐकले.

रोज संध्याकाळी प्रत्येकाची टोपली तोलून वजन वहीत लिहिले जाई आणि ते कमी भरले तर फटके बसत, हे सांगितले गेले तेव्हा हिंगणघाटकडून आलेल्या मंडळींना अधिक समजावण्याची गरज पडली नाही. वेचणीची मजुरी किलोवर देणाऱ्या आपल्या भागात वजनकाट्याचे महत्त्व सर्वांना ठाऊक आहे. तिथे मात्र काट्याच्या दुसऱ्या बाजूला मजुरीच नव्हती.

तक्रार आहे ती समाजविषयक भागाबद्दल. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नसणे, 1831 मधील नॅट टर्नर या गुलामाच्या उठावानंतर त्यांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर आलेले कडक निर्बंध, पळालेल्यांना परत धरून देण्याचा 1850 चा कायदा, कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1857 चा ड्रेड स्कॉट निकाल, एवढे सारे एकाच व्याख्यानात उरकले. गुलामगिरीतून निसटून आत्मकथा लिहिणाऱ्या फ्रेडरिक डग्लस आणि हॅरिएट जेकब्स यांची नुसती नावे आली, त्यांनी स्वतः मांडलेले अनुभव आले नाहीत. मालकांच्या वह्या इतक्या बारकाईने वाचल्यावर, ज्यांची त्या वह्यांत किंमत लिहिलेली होती त्यांनाही तेवढाच वेळ मिळायला हवा होता. दक्षिणेतील सुमारे तीन चतुर्थांश गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम नव्हते, तरी त्यांपैकी बहुतेकांनी या व्यवस्थेला पाठिंबा का दिला, या प्रश्नालाही धड उत्तर मिळाले नाही.

शेवटचे व्याख्यान वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर होते. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला, आपल्याकडच्या कापसाला भाव चढला, 1865 मध्ये युद्ध संपल्यावर तो कोसळला. 1867 मध्ये नागपूरला रेल्वे आली आणि 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हे सर्व खरे असले तरी ते जणू त्या युद्धानेच घडवले असा सूर लागला, तो मला पटला नाही. रेल्वेमार्गाची आखणी युद्धाआधीच सुरू झाली होती.

सभागृहातील कूलरच्या आवाजात मागच्या रांगेत नीट ऐकू येत नाही, त्यामुळे लवकर जाऊन पुढे बसावे. टिपणांत नकाशा नाही, तो हवाच. शुल्काच्या मानाने मिळणारा ऐवज भरपूर आहे, आणि पुढच्या वेळी डग्लस व जेकब्स यांच्यासाठी स्वतंत्र रविवार ठेवणार असतील तर मी पुन्हा नाव नोंदवीन.