क्लोरहेक्सिडीन शाम्पू, सात महिन्यांनंतर : औषध चांगले, झाकण भिकार

चार टक्के क्लोरहेक्सिडीन या अँटिसेप्टिकचा (जंतुनाशकाचा) शाम्पू कशासाठी देतात, हे पुळ्यांनी हैराण झालेला कुत्रा सांभाळणाऱ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. आमचा बंड्या हा ३१ किलोचा लॅब्रॅडॉर असून पाऊस सुरू झाला की तो वेताळ टेकडीवरचा निम्मा चिखल कोथरूडपर्यंत घेऊन येतो. जूनअखेरीस त्याच्या पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस पुळ्या उठल्या, त्या फुटल्यावर कडेने खवले सुटणारे गोल चट्टे उरले आणि डॉक्टरांनी गोळ्या न देता आठवड्यातून दोनदा हा शाम्पू लावण्यास सांगितले. पंधरा दिवसांत खाज निम्म्यावर आली. त्याच वेळी अभिप्राय लिहिला असता तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते.

ऑगस्टमध्ये बाटलीचे झाकण बिजागरीपाशी तुटले. २०० मिलीच्या बाटलीला एवढी किंमत घेणाऱ्या कंपनीला ओल्या, बुळबुळीत हाताने उघडता येईल असे झाकण देता येऊ नये, याचे मला आजही नवल वाटते. तुटल्यानंतर बाटली कलती केली की एकदम पाच-सहा चमचे शाम्पू बाहेर येई. ग्राहक सेवेला तीन वेळा लिहिले. तिन्ही वेळा बाटलीचा फोटो आणि बॅच क्रमांक मागवण्यात आला, तिन्ही वेळा मी तो पाठवला आणि पुढे काहीही झाले नाही.

नासाडी टाळण्यासाठी मी स्वतःच एक तोडगा काढला. टोपणाने मोजून दहा मिली शाम्पू लिटरभराच्या तांब्यात घालायचा, पाण्याने तांब्या भरायचा आणि ते पाणी बंड्याच्या अंगावर ओतायचे. पूर्ण मापाने वापरल्यास जी बाटली तीन आठवडेही पुरत नाही, ती मी नऊ आठवडे पुरवली आणि हे घरात दोन-तीनदा ऐकवलेही.

सप्टेंबर संपताना चट्टे परत आले. जंतूंना या औषधाची सवय झाली आहे, अशी माझी खात्री पटली आणि एका ताऱ्याचा अभिप्राय मनात तयार होता. डॉक्टरांनी एका चट्ट्यावर काचपट्टी दाबली, ती रंगवली आणि मला सूक्ष्मदर्शकात पाहायला लावले. पू-पेशींच्या गर्दीत द्राक्षांच्या घडांसारखे जांभळे ठिपके दिसत होते. कल्चरच्या, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून केलेल्या तपासणीच्या अहवालात स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमिडिअस हे नाव आले. कुत्र्यांच्या त्वचेवर एरवीही राहणाऱ्या या जंतूला हे स्वतंत्र नाव २००५ मध्ये मिळाले. आमच्याकडचा जंतू मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा निघाला, म्हणजे सेफॅलेक्सिनसारख्या नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्याही बाद झाल्या. मी मात्र अहवालात क्लोरहेक्सिडीनचा रकाना शोधत होतो आणि तो नव्हताच. अँटिबायोटिकला असते तशी, कुठल्या आकड्यापुढे जंतू प्रतिकारक मानायचा याची ठरलेली रेषा अँटिसेप्टिकला नसते, हे मला त्या दिवशी समजले.

मग हिशेब झाला. चार टक्के म्हणजे लिटरला ४०,००० मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत या जंतूंची वाढ रोखायला बहुधा लिटरला काही मोजके मिलिग्रॅम पुरतात. काही जंतूंकडे क्यूएसी गटातली जनुके असतात, त्यांच्या आधारे पेशी आत शिरलेले अँटिसेप्टिक पंपासारखे बाहेर फेकते आणि तो आकडा काही पट वर सरकतो. यालाच सहनशीलता म्हणतात. बाटलीतल्या ४०,००० पुढे हा फरक किरकोळ असतो. माझ्या तांब्यात मात्र लिटरला ४०० मिलिग्रॅमच उरत होते. तरीही ते पुष्कळच झाले की, असा वाद मी घातला. त्यावर डॉक्टर म्हणाले, की प्रयोगशाळेतला आकडा स्वच्छ द्रवात रात्रभर ठेवलेल्या जंतूंचा असतो, तर बंड्याच्या अंगावर तेलकटपणा, पू आणि ओल्या केसांतले पाणी असते आणि औषधाला मिळतात जेमतेम काही मिनिटे. औषध असे पातळ झाले की मगच थोड्याशा सहनशीलतेचा जंतूंना फायदा होऊ शकतो. आमच्या जंतूंकडे ती जनुके आहेत का, हे कोणी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्यावर ठेवलेला आरोप मला मागे घ्यावा लागला.

‘काही मिनिटे’ हेही मी तपासून पाहिले. लेबलवर दहा मिनिटे फेस अंगावर ठेवा असे छापलेले आहे आणि मी तेवढाच ठेवतो अशी माझी समजूत होती. गच्चीवर मोबाईलचे घड्याळ लावल्यावर कळले, की माझी दहा मिनिटे साडेतीन मिनिटांत संपत होती, कारण बंड्या एकदा अंग झाडून दाराकडे निघाला की मीही पाणी ओतून मोकळा होत असे. त्याशिवाय आधी चिखल काढायला मी अंगाचा साबण लावत असे आणि तो नीट न धुताच शाम्पू ओतत असे. क्लोरहेक्सिडीनचा विद्युतभार धन, साबणाचा ऋण, त्यामुळे दोघे एकमेकांना बांधून ठेवतात आणि औषधाचे काम तिथेच मंदावते.

ऑक्टोबरपासून चिखल नुसत्या पाण्याने काढतो, बिनसुईच्या सिरिंजने मोजून ४० मिली शाम्पू थेट ओल्या अंगावर चोळतो, डोळे आणि कानांची भोके टाळतो (डोळ्यांना या औषधाने गंभीर इजा होऊ शकते), घड्याळ लावतो आणि भरपूर पाण्याने धुतो. तीन आठवड्यांत चट्टे सुकले. गोळ्या लागल्या नाहीत. या पुळ्यांच्या मुळाशी असलेल्या त्याच्या ॲलर्जीवर हा शाम्पू इलाज नाही, त्यामुळे डिसेंबरात काखेत दोन पुळ्या पुन्हा आल्या, पण त्या तेवढ्यावरच थांबल्या.

आता चार तारे देतो. पाचवा झाकणाने घालवला, कारण परवा उघडलेल्या नव्या बाटलीची बिजागरी दुसऱ्याच अंघोळीला तडकली आहे. सिरिंज दहा रुपयांची आहे, ती अजून शाबूत आहे.